घरगुती ग्लूटेन-फ्री बेकिंगचा धंदा: सुरुवात कुठून करायची आणि वाढवायचा कसा

घरून ग्लूटेन-फ्री केक, कुकीज, ब्रेड विकायचा विचार करताय ना, मग रेसिपी शोधायच्या आधी तुमचं गिऱ्हाईक कोण आहे ते नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं. ग्लूटेन म्हणजे गहू, जव यांतलं प्रथिन, ज्यामुळे कणीक लवचिक होते, आणि ते टाळणारी ढोबळ मानाने तीन प्रकारची माणसं येतात. एक, ज्यांना ग्लूटेनने आतड्याला इजा करणारा आजार, म्हणजे सिलिअ‍ॅक आहे किंवा गव्हाची अ‍ॅलर्जी आहे. दोन, ज्यांना गहू खाल्ला की पोट फुगतं, जड वाटतं म्हणून ते टाळतात. तीन, डाएट म्हणून किंवा मिलेटची आवड म्हणून घेणारे, आणि 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं तेव्हापासून ज्वारी-नाचणीच्या कुकीज मागणारे हे लोक बरेच वाढलेत.

आता संख्येने तिसरा गट मोठा दिसेल, पण तुमचं सगळं काम पहिल्या गटाला धरून करायचं. सिलिअ‍ॅकवर औषध नाही, आयुष्यभर ग्लूटेन पूर्ण बंद हाच उपाय, आणि एखाद्या पोराने चुकून थोडं जरी खाल्लं तरी आतड्याला इजा होते, कधी लगेच उलट्या-जुलाब, कधी बाहेरून काहीच दिसत नाही आणि आत नुकसान चालूच. त्या पोराची आई तुमच्या पाकिटावरचे "ग्लूटेन-फ्री" हे दोन शब्द वाचून डबा भरणार आहे. म्हणून मी स्पष्टच सांगते, ते दोन शब्द लिहायची तयारी होईपर्यंत "ज्वारीच्या कुकीज", "बिनमैद्याचा केक" असंच लिहा आणि विचारलं तर घरात गहू वापरला जातो हे सांगा. त्यात काहीच कमीपणा नाही.

20 चा आकडा

भारतात एफएसएसएआयच्या (अन्नसुरक्षेचे नियम करणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या) नियमाप्रमाणे ग्लूटेन-फ्री म्हणायचं तर एका किलोत 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन नको, यालाच 20 पीपीएम म्हणतात. ऐकायला हे फार तांत्रिक वाटतं पण हिशोब करून बघा. मैद्यात साधारण 8 ते 10 टक्के ग्लूटेन असतं, म्हणजे 1 ग्रॅम मैदा, चिमूटभरच, एक किलोच्या केकमध्ये गेला की 80 ते 100 मिलिग्रॅम झालं, मर्यादेच्या चौपट ते पाचपट. गव्हाचा एक दाणा साधारण 40 मिलिग्रॅमचा, त्यात 4 मिलिग्रॅमच्या आसपास ग्लूटेन. म्हणजे एक किलो ज्वारीत गव्हाचे पाच दाणे राहिले तर तुम्ही सीमेवर आलात! हे एकदा कळलं की मग चाळणी वेगळी का, गिरणी वेगळी का हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

ओटा, भांडी आणि वेळ

आपल्या घरात रोज पोळ्या होतात, कणीक मळली जाते, परातीतून पीठ उडतं. उडालेलं पीठ बराच वेळ हवेत राहतं आणि मग सावकाश ओट्यावर, डब्यांच्या झाकणांवर बसतं. त्यामुळे सगळ्यात चांगलं म्हणजे वेगळी खोली, बंद बाल्कनी, कुठलीही जागा जिथे गहू येतच नाही. ते शक्य नसेल तर घरात मैदा आणि रवा आणणं बंद करा आणि बेकिंग पहाटे, कणीक मळायच्या आधी उरका, ओटा आधी ओल्या फडक्याने पुसून (कोरड्या फडक्याने किंवा झाडूने पीठ परत उडतं), फडकंही फक्त त्याच कामाचं. घरातलेच सगळे गहू सोडायला तयार असतील तर त्याच्याइतकं उत्तम काही नाही.

काही वस्तू धुऊन स्वच्छ होतच नाहीत, त्या नव्याच घ्या: चाळणी, लाकडी चमचे, पोळपाट-लाटणं, ओरखडे पडलेले नॉनस्टिक साचे, सिलिकॉनचा ब्रश. स्टीलची भांडी साबणाने घासून चालतात. मिक्सरचं भांडं आणि बीटरची पाती वेगळी ठेवा, कारण कडेच्या रबरात पीठ अडकून बसतं. ओटीजी (घरगुती छोटा ओव्हन) जुना असेल आणि त्यात मैद्याचे केक झाले असतील तर जाळी, ट्रे बदला, आतून पूर्ण पुसा, आणि फॅनवाला असेल तर मी म्हणेन नवीनच घ्या, पंख्यामागे काय साचलंय ते दिसत नाही. सगळ्या ग्लूटेन-फ्री वस्तूंना एकाच रंगाची टेप लावा, घरातल्या माणसांना, मदतीला येणाऱ्या ताईंना सांगून ठेवा की या रंगाला हात लावायचा नाही. लोण्याचा किंवा जॅमचा डबासुद्धा वेगळा हवा, पोळीला लावलेली सुरी त्यात गेली की संपलं.

धान्य आणि दळण, खरी मेहनत इथे आहे

बाहेरच्या गिरणीत दळायचं नाही. गिरणीवाले काका कितीही चांगले असले आणि "आधी तुमचंच दळून देतो हो" म्हणाले तरी दगडाच्या आजूबाजूला आदल्या दिवशीचं गव्हाचं पीठ असतंच. उपासाचं पीठ म्हणून मिळणारं राजगिरा, शिंगाडा पीठसुद्धा गव्हाच्या जोडीला दळलेलं असू शकतं, उपासाला चालतं म्हणजे सिलिअ‍ॅकला चालतं असं नाही. म्हणून तुमची पहिली मोठी खरेदी ओव्हन नसून घरघंटी असू दे, आणि त्या घरघंटीत गव्हाचा एक दाणाही कधी जाऊ द्यायचा नाही, शेजारच्या काकूंनी कितीही प्रेमाने विचारलं तरी.

धान्य सुटं घेऊ नका, वाण्याकडे एकच माप गव्हात आणि ज्वारीत फिरतं. बंद पाकीट किंवा शक्य झालं तर थेट शेतकऱ्याकडून, पण तिथेही मळणीचं मशीन, पोती हे विचारून घ्या. मग निवडणं. ताटात पातळ पसरून, उजेडात, मूठ मूठ करून बघायचं. पांढऱ्या ज्वारीत गव्हाचा लांबट, पोटाला चीर असलेला दाणा पटकन दिसतो, तांदळातही दिसतो, नाचणी मात्र बारीक असल्याने तिला चाळणीने चाळून घ्या म्हणजे मोठे दाणे वर राहतात. निवडून झालं की दोनतीन पाण्यांनी धुवायचं, स्वच्छ कापडावर वाळवायचं (गच्चीवर शेजारी कुणाचे गहू वाळत नाहीत ना ते बघून), कडकडीत वाळलं की दळायचं. पावसाळ्यात वाळवण होत नाही तेव्हा मेमध्येच धुऊन वाळवून भरून ठेवलेलं बरं. कंटाळवाणं काम आहे, पण धंद्याचा कणा हेच आहे.

ज्यावर नवीन माणसं हमखास फसतात ते आता सांगते. खपली गहू हा गहूच आहे, त्यात ग्लूटेन आहे, "पचायला हलका" म्हणून खपतो तो भाग वेगळा. जव, दलिया, शेवया, साधा रवा, सातूचं पीठ, मेतकूट, थालीपीठ भाजणी यांत गहू किंवा जव असतो किंवा असू शकतो. ओट्स आपल्याकडच्या ग्लूटेन-फ्रीच्या व्याख्येत गव्हाबरोबरच वगळलेले आहेत, तेव्हा ते वापरूच नका. माल्ट म्हणजे बहुतेक वेळा जव, त्यामुळे माल्टवाली पेयांची पावडर किंवा माल्ट घातलेलं चॉकलेट नको. बहुतेक सोया सॉसमध्ये गहू असतो. आणि हिंग! डबीतला बांधानी हिंग बहुतेक मैद्यात किंवा गव्हाच्या पिठात कालवलेला असतो, खाऱ्या शंकरपाळ्यांत, मठरीत तो गेला की बाकी सगळी मेहनत वाया. तांदळाच्या पिठात बनवलेला शोधा किंवा शुद्ध खडा वापरा. बेकिंग पावडर, आयसिंग शुगर, कस्टर्ड पावडर, खाण्याचे रंग, स्प्रिंकल्स, चॉकलेट चिप्स, प्रत्येकाचं मागचं लेबल वाचा आणि दर वेळी वाचा, कंपन्या घटक बदलतात.

काय बनवायचं

तीन पदार्थांपेक्षा जास्त नको सुरुवातीला. आणि जे मुळातच गव्हाशिवाय छान होतं तिथून सुरू करा, मैद्याच्या पदार्थाची नक्कल नंतर. बेसन-ज्वारीची नानकटाई, नाचणी-कोकोची कुकी, तांदळाच्या रव्याचं सांदण किंवा काकडीचं धोंडस, बदामाच्या पिठाचा केक, यांत ग्लूटेनची उणीव जाणवतच नाही. खुसखुशीत गोष्टींना ग्लूटेन नकोच असतं, तूप आणि साखर काम करतात.

केकला मात्र आधार लागतो. एकाच पिठाचा केक करू नका, नुसत्या तांदळाचा रवाळ आणि कोरडा होतो, नुसत्या नाचणीचा दडस. दोन धान्यांची पिठं आणि एक स्टार्च (टॅपिओका म्हणजे साबुदाण्याच्या कंदाचा, बटाट्याचा किंवा मक्याचा) असं मिश्रण धरा, साधारण 70 भाग पीठ, 30 भाग स्टार्च. एक कप मिश्रणाला पाव चमचा झँथन गम (मिश्रण बांधून ठेवणारी पावडर) पुरतो, जास्त झाला तर केक चिकट रबरासारखा लागतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मिश्रण कालवल्यावर 20 ते 30 मिनिटं झाकून ठेवा, तांदळाचं पीठ पाणी सावकाश पितं, हा वेळ दिला नाही तर दाताखाली कचकच येते आणि गिऱ्हाईक म्हणतं "ग्लूटेन-फ्री असंच असतं का". बेकिंग पावडर या विश्रांतीनंतर घाला. कपाने मोजू नका, वजनकाटाच वापरा, घरी दळलेलं पीठ कधी जाड कधी बारीक येतं.

ब्रेड शिका, कारण केक वाढदिवसाला लागतो आणि ब्रेड दर आठवड्याला, तुमचं नियमित गिऱ्हाईक ब्रेडनेच बांधलं जाणार. एका लोफचं माप देते: ज्वारीचं पीठ 120 ग्रॅम, तांदळाचं पीठ 90, टॅपिओका स्टार्च 90, इसबगोल 18 ग्रॅम, पाणी साधारण 350, ड्राय यीस्ट 6, साखर 15, मीठ 6, तेल 20, व्हिनेगर एक छोटा चमचा. यीस्ट साखरेसकट थोड्या कोमट पाण्यात फुलवा. उरलेल्या पाण्यात इसबगोल घालून लगेच ढवळा, पाचेक मिनिटांत घट्ट जेली होते, तीच इथे ग्लूटेनचं काम करते. मग सगळं एकत्र करून चांगलं मळा, कणकेसारखं लवचिक होणार नाही, ओलसर मातीसारखा गोळा होतो आणि तसाच बरोबर आहे, घाबरून पीठ वाढवू नका. थेट टिनमध्ये भरा, ओल्या हाताने वरून गुळगुळीत करा, एकदाच फुगवा, दीडपट झालं की बास, दुप्पट होईपर्यंत थांबलात तर ओव्हनमध्ये खाली बसतो. 200 डिग्रीला 45 ते 50 मिनिटं. आतलं तापमान 97 च्या आसपास हवं, त्यासाठी प्रोब थर्मामीटर घ्या, फार महाग नसतो. आणि पूर्ण गार झाल्याशिवाय कापायचा नाही, दोन तास तरी. गरम कापला की आत चिकट दिसतो आणि लोकांना कच्चा वाटतो. फ्रिजमध्ये ठेवला तर उलट लवकर वाळतो, म्हणून स्लाइस करून फ्रीझरमध्ये ठेवा आणि हवे तेवढे काढून तव्यावर शेका, हे पाकिटावर लिहूनच द्या.

कागदपत्रं, टेस्ट, लेबल

एफएसएसएआयचं रजिस्ट्रेशन घरून विकणाऱ्यालाही लागतं, त्यांच्याच फॉसकॉस पोर्टलवर ऑनलाइन होतं, फोटो, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा आणि लहान उलाढालीला बेसिक रजिस्ट्रेशन. मिळालेला 14 आकडी नंबर पाकिटावर आणि बिलावर हवा. अर्ज भरायच्या आधी अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्ह्याच्या ऑफिसात एकदा जाऊन, मी ग्लूटेन-फ्री म्हणून विकणार आहे, कुठल्या प्रकारात अर्ज करू, हे विचारा. उद्यमची (सरकारची लघुउद्योगांसाठीची) नोंदणी फुकट आहे, एजंटला पैसे देऊ नका. जीएसटी महाराष्ट्रात नुसता माल विकणाऱ्याला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत सहसा लागत नाही, पण राज्याबाहेर विकायचं असेल तर आधी सीएला विचारा.

टेस्ट करून घ्या, एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी संस्था) मान्यता असलेल्या लॅबमध्ये, ग्लूटेन किती आहे ते मोजणारी एलाइझा पद्धतीची, त्यातली आर5 म्हणून विचारा. प्रत्येक पदार्थ पाठवणं परवडत नसेल तर आधी दळलेलं पीठ आणि सगळ्यात जास्त खपणारी एक वस्तू पाठवा. रिपोर्ट 20 च्या खाली आला की मगच "ग्लूटेन-फ्री" छापा. आणि एकदा टेस्ट केली म्हणजे झालं असं नाही, धान्याचा पुरवठादार बदलला, जागा बदलली की परत. रिपोर्टची तारीख गिऱ्हाइकाने विचारली तर लगेच दाखवता आली पाहिजे.

लेबलवर पदार्थाचं नाव, घटक (जास्त ते कमी वजनाच्या क्रमाने), पोषणमूल्यं, निव्वळ वजन, बनवल्याची आणि वापरायची शेवटची तारीख, बॅच नंबर, तुमचं नाव-पत्ता, फोन, एमआरपी सर्व करांसह, अ‍ॅलर्जीचे घटक म्हणजे दूध, सुकामेवा, सोया, तीळ असं जे असेल ते. अंडं असेल तर चौकोनात तपकिरी त्रिकोण, नसेल तर हिरवा ठिपका. "मधुमेहींना उत्तम", "वजन घटवतं" असलं काहीही लिहू नका आणि तोंडीही म्हणू नका, तांदूळ आणि स्टार्चच्या ब्रेडने साखर चांगलीच वाढते. आणि कुणी म्हणालं की मला सिलिअ‍ॅक असेल असं वाटतंय, आजपासून गहू सोडते, तर त्यांना आधी डॉक्टरकडे जायला सांगा, गहू सोडल्यावर रक्ताची तपासणी चुकीची निगेटिव्ह येऊ शकते.

किंमत कशी काढायची

इथे बायका स्वतःवर फार अन्याय करतात, साहित्याचे पैसे धरतात आणि आपले हात फुकट. एक किलो नानकटाई घेऊ, भाव तुमच्या गावचे टाका. पिठं अर्धा किलो 40 रुपये, तूप 275 ग्रॅम 180, पिठीसाखर 12, वेलची 10, झाले 242. ओटीजी दोन तास, तीनेक युनिट, 30. पाव किलोची चार पाकिटं स्टिकरसकट 48. आता निवडणं, धुणं, दळणं, भाजणं, भरणं मिळून तीन तास, तासाला 100 धरले तर 300. टेस्टच्या खर्चाचा वाटा 50, तुटफूट 30. एकूण 700. म्हणजे पाव किलोचं पाकीट तुम्हालाच 175 ला पडलं. 240 ला विकलंत तर 65 सुटतात आणि त्यातून पुढचा ओव्हन, मशीनची दुरुस्ती.

आता कुणी दुकानदार म्हणाला 30 टक्के कमिशनवर ठेवतो, तर 240 मधले तुमच्या हातात 168, म्हणजे घाट्यात. म्हणून सुरुवातीला थेटच विका, आणि दुकानात द्यायचं असेल तेव्हा किंमत आणि बॅचचा आकार दोन्ही आधी बदला, एका वेळी तीन किलो केली की मजुरीचा वाटा खाली येतो. "बेकरीत तर 80 ला मिळते" असं ऐकवणारे येतील, त्यांच्याशी वाद नको, भाव पाडायचा नाही, त्यांना 100 ग्रॅमचं छोटं पाकीट दाखवा.

गिऱ्हाईक आणि वाढ

सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप ठीक आहे, पण खरं गिऱ्हाईक आहारतज्ज्ञ, पोटविकाराचे आणि लहान मुलांचे डॉक्टर, आणि सिलिअ‍ॅक मुलांच्या पालकांचे ग्रुप यांच्याकडून येतं. तिथे जाताना नमुना, टेस्टचा रिपोर्ट आणि तुमच्या स्वयंपाकघरात काय पाळता त्याचं एक साधं पान द्या. पालक खूप प्रश्न विचारतात, हिंग कुठला, गिरणी कुठली, ओव्हनमध्ये आणखी काय होतं, सगळ्यांची उत्तरं शांतपणे द्या, बघायला यायचं असेल तर या म्हणा. एका आईचा विश्वास बसला की ती दहा जणींना सांगते आणि त्या दहा जणी वर्षानुवर्षं सोडत नाहीत.

सगळं प्रीऑर्डरवर, निम्मे पैसे आधी, ब्रेडचा वार ठरलेला. वाढदिवसाच्या केकबरोबर नवी प्लास्टिकची सुरी द्या आणि सांगा की याच सुरीने आधी हाच केक कापा, कारण पार्टीत दुसरा मैद्याचा केक असतो आणि सुरी दोन्हीकडे फिरते. शाळेत वाटायला म्हणून सहासहाचे छोटे कपकेक ठेवा, त्या मुलाला पहिल्यांदा सगळ्यांसारखं वाटता येतं, त्या ऑर्डरसाठी मी बाकीची कामं मागे ठेवते.

एक वही करा. बॅच नंबर, तारीख, कुठलं धान्य, कधी दळलं, कुणाकुणाला गेलं. प्रत्येक बॅचमधली दोन बिस्किटं किंवा स्लाइस नावाचं लेबल लावून शेवटच्या तारखेपर्यंत बाजूला ठेवा. कुणाचा फोन आला की त्रास झाला, तर "आमच्यामुळे नसेल" हे वाक्य तोंडात येऊ देऊ नका, त्या बॅचची विक्री थांबवा, ज्यांना ती गेलीय त्या सगळ्यांना कळवा, ठेवलेला नमुना लॅबला पाठवा.

मदतनीस ठेवायची वेळ आली की तिला रेसिपीच्या आधी हे सगळं शिकवा. एप्रन इथेच ठेवायचा आणि इथेच धुवायचा, आल्यावर हात साबणाने, डब्यात पोळी असेल तर बाहेरच्या खोलीत खायची. नंतर वेगळा गाळा घ्यावा असं वाटलं तर शेजारी बेकरी किंवा पिठाची गिरणी नको, एवढं आधी बघा. कर्जाला बँकेत जाताना वर्षभराची वही आणि यूपीआयचं स्टेटमेंट बरोबर न्या, त्याने बोलणं सोपं होतं.

दिवाळीचं मात्र आधीपासून ठरवा. बेसन लाडू, तांदूळ-डाळींच्या भाजणीची चकली, पातळ पोह्यांचा चिवडा हे मुळात गव्हाशिवायच होतं, फक्त हिंग आणि दळण सांभाळायचं, त्यामुळे ऑर्डरी पटकन वाढतात आणि तिथेच गडबड होते. शंकरपाळे ज्वारी आणि तांदळाच्या उकडीत थोडं इसबगोल घालून जमतात, पण वेळखाऊ आहेत, तळायचं तेल नवं आणि वेगळं. चिरोटे, करंजी यांची ऑर्डर पहिल्या वर्षी घेऊ नका. धान्य दसऱ्याच्या आधी निवडून दळून ठेवा, वसुबारसेच्या आठ दिवस आधी ऑर्डर बंद करा, आणि नेहमीच्या सिलिअ‍ॅक घरांचा फराळ सगळ्यात आधी बाजूला काढून मगच बाकीच्यांचं भरायला घ्या.